संदर्भ क्रमांक सदतीस

आडनाव आधी, मग स्वल्पविराम.
आद्याक्षरापुढे टिंब. वर्ष कंसात.
सहाच्या वर लेखक असतील तर उरलेले
'आणि इतर'.

रात्रीचे दोन. अशोक चौकामागे
एक माग अजून खटखटतोय.
छत्तीस संदर्भ सरळ झाले,
सदतिसावा अडलाय.

"सुट्टीच्या दुसऱ्या दिवशी
छाती जास्त धरते, मॅडम,"
टपरीवर, बशीतला चहा निववत
त्यांनी सांगितलं होतं.
माझा सगळा प्रबंध त्या वाक्याचा.

खंड? पान? डीओआय?
नियमावली म्हणते, तोंडी माहिती
यादीत घेऊ नये.
मजकुरात, कंसात चालेल.

कंस उघडते.
नाव विचारलं तेव्हा
भुवईवरचा कापूस पुसत म्हणाले होते,
येमूल नरसय्या.

आडनाव आधीच.
मी फक्त स्वल्पविराम घालते.