हातचं

आफ्के बाईंच्या स्वयंपाकघरात खिडकीशी टेबल आहे,
त्याच्या कडेला एक खाच:
मनगट टेकून टेकून पडलेली.
दर खेपेला मला दाखवतात,
जणू मी पाहिलीच नाही.

मी विएस्वाव्ह. गाव बियावीस्तोक,
ट्रक लिथुआनियाचा, डिझेल लक्झेंबर्गचं, तिथे स्वस्त,
आणि मागे दोन अंशांवर
वाडेन समुद्राची करंदी,
होडीवरच उकडलेली, सालासकट.
साल काढायला ती मोरोक्कोला जाते.
मग परत येते.

हसू नका. मीही हसलो होतो पहिल्यांदा.
अख्खा फ्रान्स, अख्खा स्पेन,
अल्हेसिरासला बोट, पलीकडे तेतुआन,
शेडमध्ये माल उतरवायचा
आणि सोललेला घेऊन
निघालो त्याच बंदरात यायचं.
परवडतं म्हणतात हिशेबवाले.
मला विचाराल तर मी बोगदे मोजतो.

पूर्वी इथे संध्याकाळी टोपल्या घरोघर जात.
बायका, म्हातारे, शाळेतून आलेली पोरं,
रेडिओ लावायचा आणि सोलायचं.
नखांतला वास लग्नातही जात नसे,
वरही त्याच वासाचा, म्हणून चालायचं.
मग नियम आला: घरात सोललेलं अस्वच्छ.
नियमामागून कंपनीचा माणूस आला, तिकीट घेऊन.
बाई, तुमच्याइतका जलद हात गावात नाही,
दोन आठवडे चला, तिकडच्या मुलींना शिकवा.

बाई पहिल्यांदा विमानात बसल्या.
छत्री नेली होती. उघडावी लागली नाही.
डोकं धरायचं. शेपटीकडे हलका पीळ. मग ओढ.
आधी पीळ!
ओढलंत नुसतं, तर मांस तुटतं.
हातचं काही राखलं नाही त्यांनी.
परत आल्या, तर दारात टोपली नव्हती.

घिझलान तेव्हा एकोणीसची, डावखुरी.
बाईंनी तिला उजव्या हाताने शिकवलं,
रागावून नव्हे, टेबलंच तशी मांडलेली.
आता तिला चष्मा आहे, हाताखाली साठ जणी,
मजुरी अजून किलोवर.
डच भाषेतले दोनच शब्द येतात तिला,
"आधी पीळ",
तेही आफ्के बाईंच्या खेड्याच्या हेलात.

या मार्चात तिच्या टेबलावर कॅमेरा टांगलेला दिसला.
यंत्र बनतंय म्हणे. बंदरातच,
बाईंच्या घरापासून चार गल्ल्यांवर.
त्याला शिकवायला हात हवेत, जलद.
तिने मला चहा दिला, पुदिन्याची काडी बाजूला केली
आणि म्हणाली, म्हातारीला विचार,
आम्हाला शिकवताना तिला माहीत होतं का?

विचारलं मी. बाईंनी कॉफी ओतली, माझ्या कपात, मग बशीतही.
"जाताना नव्हतं.
तिसऱ्या दिवशी कळलं. फळ्यावर दोन आकडे होते,
वरचा आमचा दर, खालचा त्यांचा."
मग?
"मग काय. अकरा दिवस उरले होते.
मुलगी चांगली होती."

परवा मी शेडमध्ये उभा होतो, कागदांवर शिक्का व्हायचा होता.
कॅमेऱ्याचा लाल दिवा लागलेला,
घिझलान सोलत होती, उजव्या हाताने,
नीट, बाईंनी शिकवलं तसं,
कुठल्याही यंत्राला समजेल इतकं स्वच्छ.
भोंगा झाला. दिवा विझला. बायका उठल्या.
उरलेली मूठभर करंदी तिने ओढली स्वतःच्या डब्यासाठी,
आणि डावा हात मांडीवरून वर आला.
मला काही दिसलं नाही.
सालं पडलेली दिसली फक्त.

हेही सांगितलं बाईंना.
बऱ्याच वेळ त्या अंगठा खाचेतून फिरवत राहिल्या.
बाहेर भरती लागली होती, होड्या यायच्या होत्या,
मला रात्रीतच निघायचं होतं.
"विचार तिला," म्हणाल्या,
"डाव्याने पीळ कुठल्या बाजूला देते?"