चाळीस शब्दांत बेडूक

एदेल्मिरा म्हणाली, चित्राला अर्धी फळी,
उरलेली तुझ्या मजकुराला.
त्यातही खाली वनखात्याचा शिक्का.
म्हणजे चाळीस शब्द. मोजून.

मी लिहिलं: नर स्वरकोशात डिंभांचं संगोपन करतो.
तिनं ब्रश दातांत धरला,
पत्र्यावर चिलोए बेटाचा पाऊस, तिसरा आठवडा,
म्हणाली, हे माझ्या भाच्याला वाचून दाखव.
नऊ वर्षांचा आहे, दुपारी खेकडे पकडतो.

मी खोडलं.
बाप पिल्लं गिळत नाही.
गळ्याखालच्या ज्या पिशवीतून शीळ घालतो
तिच्यातच ती वाढतात, दोनेक महिने.

मग जेवतो कुठून? भाच्यानं विचारलं.
तोंडानंच. जिभेखाली फटी असतात,
पिशवीची वाट तिथून.
मग हेही लिही की!
गेले आणखी सहा शब्द.

ती लावत होती तो हिरवा
मला कुठल्याच ग्रंथात भेटला नव्हता:
कुजायच्या आदल्या दिवशीचं पान, कडेला तांबूस.
नाकाचं टोक तिनं देठाला असं टेकवलं
की बेडूक कुठे संपतो
हे मलाही शोधावं लागलं,
जिनं त्याच्यावर प्रबंध लिहिलाय.
आणि आकार खराखुरा. अंगठ्याचं पेर.
एवढ्या मोठ्या फळीवर?
वाकतील, ती म्हणाली. वाकलं की दिसतं.

गळ्यापाशी एक लाकडी झडप,
नखानं उघडायची.
आत आठ पिल्लं,
शेपट्या अजून गळायच्या.

फळी लागली मार्चमध्ये.
मे महिन्यात बिजागरी गंजली, झडप मिटली ती मिटलीच.
मी वनखात्याला तीन पत्रं लिहिली,
चाळीसपेक्षा पुष्कळ जास्त शब्दांची.

जूनमध्ये गेले तर झडप अलगद उघडली.
कडेला बोटाचा काळा ठसा,
होडीच्या इंजिनाच्या तेलाचा वास.

बाल्दोमेरो उएंचुर. शिंपले काढतो,
सरपणाला त्या वाटेनं जातो,
अक्षर येत नाही.
तुम्ही लावलंत तेल? विचारलं
तर मोळी या खांद्यावरून त्या खांद्यावर घेत म्हणाला,
आतल्यांना बाहेर यायचंय ना कधीतरी.

धावत येऊन एदेल्मिराला सांगितलं.
तिनं डोकं वर केलं नाही.
कुठलं तेल? म्हणाली.
रंग जाईल त्यानं माझा.