वाफा नंबर चार

गाळ वाळवायच्या चौकोनांना
आमच्या प्लांटवर वाफे म्हणतात.
पहिल्या दिवशी मला वाटलं, इथं मेथी लावली असंल.

अकरा वाफे. काळा रस्सा पसरतो,
ऊन त्यातलं पाणी पिऊन घेतं,
आठ-दहा दिवसांत भेगा पडतात
वैशाखातल्या रानासारख्या.
लातूरला रेल्वेनं पाणी आलं त्या साली
तेही लोकांच्या पोटातून, न्हाणीतून
उताराला लागून खालीच गेलं असणार.

तरन्नुम मॅडम बरणीत नमुना भरतात,
लेबलावर तारीख, वाफा, ढीग.
शिसं किती, जस्त किती, जंत जिवंत की मेले.
रिपोर्ट येईपर्यंत ढीग हलवायचा नाही,
मला ताकीद आहे.
मागच्या साली दोन ढीग नापास झाले,
कुण्या बॅटरीवाल्यानं चोरून गटार जोडली होती.
ते अजून ताडपत्रीखाली कोपऱ्यात बसलेत
वर्गाबाहेर काढलेल्या पोरांसारखे.

माझी आई चमेलीबाई
ह्याच शहरात डोक्यावर डबा न्यायची.
तेव्हा रिपोर्ट नव्हता. ताडपत्री नव्हती.
पावसाळ्यात डबा गळायचा,
एवढंच तिनं सांगितलं, तेही एकदाच,
भाकरी थापताना, माझ्याकडं पाठ करून.
मी स्टिअरिंगवर बसतो. हातमोजे आहेत.
फरक आहे. मोजायला गेलं तर बराच आहे.

पास झालेला ढीग ट्रॉलीत भरून
मी टाकळीच्या बरडावर नेतो.
मन्मथआप्पा बिरादारांचं सहा एकर :
वर मुरूम, खाली मुरूम, मधे कुसळ.
कुदळ मारली की ठिणगी.
पहिल्या खेपेला आप्पा बांधापलीकडून बोलले,
उपरण्याचं टोक नाकाला लावून,
"तिकडंच ओत की रे, लांब."
मी लांब ओतलं.

तूर नाही घेतली त्यांनी. आधी शेवरी लावली,
मग करडई. जनावरं सोडली नाहीत.
मॅडमनं तसं कागदावर लिहून दिलं होतं,
तो कागद देवळीत, अंगाऱ्याच्या डबीखाली.
तिसऱ्या साली पावसानं बावीस दिवस दडी मारली,
शेजारच्या रानानं माना टाकल्या,
आप्पांचं उभं.
पाय रोवला तर माती दबते, म्हणाले,
आधी वाजायची.

ह्या खेपेला ट्रॉलीपर्यंत आले.
मूठभर उचललं, चोळलं, नाकाशी नेलं.
उपरणं खांद्यावरच होतं.
"आमचे आजोबा सोनखत म्हणायचे ह्याला."
मी म्हणालो, व्हय.
सोनं तुमच्या रानात,
खत आमच्या डोक्यावर,
हे मी म्हणालो नाही.
ट्रॉलीचा जॅक उचलला.

चार नंबरच्या वाफ्यात टोमॅटो उगवलेत.
कुणी लावले नाहीत.
सगळ्या शहरानं खाल्लेलं बी,
गटारीतून, टाक्यांतून, उन्हातून वाचलेलं.
कुठल्या गल्लीचं, कुणाच्या ताटातलं,
पानावर लिहिलेलं नाही.
मॅडम म्हणतात, खायचे नाहीत.
मी खात नाही.
गाळ खरवडताना फावडं तेवढं
त्यांच्या भोवतीनं फिरवतो.