शंभरातले अठरा

ड्रम नीट चालला तर त्याचा आवाज येत नाही,
येतो तो कागदाचा.
पोटात वाफ भरलेला तो लोखंडी गोल
बटाट्याचा लगदा अंगावर पातळ ओढून घेतो,
आणि पाऊण फेरा संपायच्या आत
लगदा पात्यापाशी सुटतो,
अखंड, पिवळसर, कढत,
चुरचुरत मोडून खाली पडतो.

पात्याला डॉक्टर म्हणतात.
का, ते याकूब अत्तारांना ठाऊक नाही,
मलाही नाही, आणि मी तर बी.एस्सी. आहे.
"खरवडतो पण रक्त काढत नाही, म्हणून असेल,"
असं ते एकदा म्हणाले
आणि कानस शोधायला निघून गेले.
दर गुरुवारी, सगळी भोसरी बंद असताना,
ते येऊन पात्याची धार बघतात.
ओव्हरटाइम लिहीत नाहीत.
घरी करमत नाही, असं मुकादम म्हणतो.

माझं काम शेवटी.
वीस मिनिटांनी एकदा चिमूटभर कागद
बशीएवढ्या ताटलीत ठेवायचा, झाकण लावायचं,
आकडा थांबेपर्यंत श्वास धरायचा.
सात. सात पूर्णांक दोन. सात.
आठच्या वर गेला की लाल पेन.
नऊ वर्षं मी पाणी मोजते आहे
आणि पाणी मला कधी दिसलेलं नाही.

जानेवारीत रेवती तोत्रे शिकाऊ म्हणून आली,
सातगाव पठारावरची, कुरवंडीची.
गोणीतला बटाटा नखाने खरवडून हुंगला तिने.
"हा शीतगृहातला. थंडीत झोपला की गोड होतो.
तुमचा कागद तांबडा पडणार."
दुपारपर्यंत पडला.
मुकादमाने तिचं नाव नीट विचारून घेतलं.

तिसऱ्या दिवशी तिने मला गाठलं:
"फाटकावर काटा शंभर दाखवतो,
गोदामात अठराच जातात.
साली धरल्या तरी हिशेब लागत नाही.
बाकीचं कोण नेतं?"
चेष्टा नव्हती. त्यांच्याकडे काटा खातोच थोडं,
तिला वाटलं, इथला जरा जास्त खातो.
अत्तारभाईंनी अर्धं पेर नसलेलं बोट
वर धुराड्याकडे केलं.
ती बघत राहिली.
तिथे काहीच नव्हतं, पत्रा होता, काळोख होता.

त्याच आठवड्यात सोपान कडलगच्या ब्रिकेट ओल्या निघाल्या.
बॉयलर शिव्या घातल्यासारखा फुसफुसला,
सहावरून काटा साडेतीनवर आला,
आणि कागदाचा आवाज थांबला.
इतकी शांतता की भाईंच्या हातातला चहा डचमळला.
पात्याला लगदा लोंबत होता, ओल्या टॉवेलसारखा.
माझ्या ताटलीवर अडतीस.
लाल पेन. पूर्ण टाकी रद्द.
"गुरांना घाला," मुकादम फोनवर म्हणाला, झोपेत.

रात्रीचे अडीच.
रेवतीने डब्यातल्या मिरच्या काढल्या,
मीठ कडलगकडून, कोथिंबीर कुणाच्या तरी भाजीतली,
कढत पाण्याचा हबका मारून गोळा मळला
आणि बॉयलर खोलीतल्या चहाच्या शेगडीवर
परातीच्या पाठीवर थापून भाजला.
आम्ही सहाजण उभ्यानेच खाल्लं.
भाई म्हणाले, तीस वर्षं इथे बटाटा चालवतोय,
खाल्ला आज.

सहाला पाळी सुटली.
बॉयलर पुन्हा सहावर, ड्रम पुन्हा बोलता.
बाहेर कडाक्याची थंडी,
आणि छपरावर, उजेड फुटल्यामुळे,
पहिल्यांदाच नीट दिसला तो ढग:
पांढरा, जाड, उकडलेल्या बटाट्याच्या वासाचा,
बसथांब्यावर झुकलेला.
रेवती वर मान करून मोजत असावी.
ब्याऐंशी, ती म्हणाली,
हळू, हिशेब जुळल्यावर म्हणतात तसं.

माझा चष्मा धुरकट झाला.
काढून बघितला, काचेवर बारीक थेंब.
नऊ वर्षांत हातात आलेलं हे पहिलं पाणी.
ओढणीच्या टोकाने पुसून टाकलं.
बस आली होती.