सातवा आटा

वाशी, सेक्टर सहा. पहाटे चार वीस.
खड्ड्यात वाकून मी लोखंडी चावी फिरवतो.
अकरा आटे.
सातव्याला वॉल्व्ह कुरकुरायचा :
किऱ्र-किट्.

त्याच सुमाराला सी टाइपच्या अँटेनावर
दयाळ सुरू व्हायचा.
काळा कोट, पांढरा खिसा, शेपूट ताठ.
कितीतरी वर्षं मी वर पाहिलंच नाही.
पाणी सुटलं की माणसं उठतात एवढं ठाऊक,
पाण्याच्या आधी कोण उठतं
हे आमच्या वहीत लिहायचं नसतं.

मग एका चैत्रात,
त्याच्या लांबलचक शिळेच्या टोकाला
किऱ्र-किट्.
पुन्हा एकदा. माझाच आटा.
चावी सोडून उभा राहिलो अंधारात.
बी विंगला पाणी सहा मिनिटं उशिरा गेलं,
पेडामकरबाई खिडकीतून बरंच बोलल्या.

घरी सांगितलं, तर शैला म्हणाली,
"चला, तुमचं ऐकणारा
एक तरी निघाला."

वॉल्व्ह बदलून आता दोन वर्षं झाली.
नवा पितळी. लोण्यात सुरी फिरावी तसा फिरतो.
ग्रीसचा डबा मीच उघडला होता,
साहेबांनी पाठ थोपटली.

काल, होळीनंतरचा तिसरा दिवस.
पाच, सहा...
सातव्याला हात उगाच थबकला.
वर अँटेनावर कुणी नव्हतं.
आवाज आला शेजारच्या बदामाच्या झाडातून,
जरा कच्चा, अडखळता,
नुकतं शिकलेल्या पोराचा.
जुना वॉल्व्ह त्यानं ऐकलेलाच नाही.

किऱ्र...
मी थांबलो.
...किट्.

मग उरलेले चार आटे फिरवले.