रनर

उलव्याहून नळी आली तेव्हा बर्फ वितळत आला होता.
दोन मिलिलिटर. रुजुल भोईर, अकरा महिने.
ताप एकोणीस दिवस, प्लीहा बेंबीपर्यंत.

खारघरच्या डोंगराकडे पाठ करून बसलेली आमची प्रयोगशाळा.
पेशी धुतल्या, मोजल्या,
सावजाशेजारी बसवल्या चार तास.
तुलनेला निरोगी रक्त लागतं. आज पाळी माझी होती.

मारेकरी पेशी सावजाला बिलगते,
पोटातल्या विषाच्या पिशव्या
ओढत आणते कडेला.
मग कॅल्शियमची चाहूल,
आणि पिशवीवरचं प्रथिन, कडेवरची प्रथिनं
पीळ घालू लागतात, चौपेडी वेणी,
टोकापासून मुळाकडे,
इतकी घट्ट की मधल्या दोन पडद्यांना
एक होण्यावाचून गत्यंतर नाही.
खारबांधाची उघाडी उचलावी तसं
आतलं बाहेर.
पिशवीचं अस्तरही येतं बाहेर, उलटलेल्या खिशासारखं.
मी मोजते ते हे अस्तर.

माझ्या आलेखावर टेकडी आली.
रुजुलच्या आलेखावर सपाट माळ.

पुन्हा लावलं. माळच.

पिशव्या आहेत. विष आहे. कडेला येऊन टेकल्यात सगळ्या.
मारणं होत नाही, म्हणून पेशी सावजाला सोडत नाही,
हाका घालत राहते, आणखी पेशी येतात,
आणि उलव्यात एक पोर तापत राहतं.

अप्पा कोपरखैरण्याच्या फुटपाथवर बॅगा दुरुस्त करायचे.
चेन ओढून बघत, गिऱ्हाइकाला सांगत,
दात शाबूत आहेत हो दोन्हीकडचे,
रनर गेलाय.
चाळीस रुपये.
बिस्किटाच्या डब्यात असायचे त्यांचे रनर,
तीन नंबर, पाच नंबर, पितळी, काळे,
हात घातला की हवा तो सापडायचा.

इथेही तेच असावं. पीळ सुरू करून देणारं
एक प्रथिन कमी.
अर्धी चूक आईकडून, अर्धी बापाकडून,
दोघंही ठणठणीत, खाली कँटीनमध्ये
एका चहात दोघं.

डबा नाही माझ्याकडे.
मी लिहिते : स्राव आढळला नाही. जनुकतपासणी सुचवली.
सही. वेळ सात चाळीस.

उद्या आणखी एक नळी येईल. पूर्वाली भोईर, वय सहा.
मज्जा जुळते का ते नंतर;
आधी बघायचं, हिची टेकडी उठते का.
फॉर्म आजच आलाय.
मागच्या कोऱ्या बाजूला पेन्सिलीने,
वेलांटी चुकवून :
दूखेल का