दोन अक्षरं

तोरानोच्या वाटेवर, संगमरवराच्या खाणीखाली,
उस्ताद ओरेस्तेच्या कारखान्यात
पहिलं वर्षभर मी नुसत्या रेघा कोरल्या.
उभी काठी म्हणजे एक.
दोन तिरक्या, पायाशी जुळलेल्या, म्हणजे पाच.
फुली म्हणजे दहा.
छिन्नीला सरळ रेघ आवडते, उस्ताद म्हणत,
पन्नासापर्यंत कुणीही कोरेल,
शंभराला मात्र हात लागतो. सी गोल आहे.

एकदा टाकाऊ फरशीवर मी नवाचे अकरा केले.
काठी फुलीच्या अलीकडे हवी होती, पलीकडे पडली.
उस्ताद रागावले नाहीत.
फरशी उलटी फिरवून माझ्यापुढे धरली:
हे बघ निवेस, झाले नऊ.
पण गेलेल्या माणसाला उलटं टांगता येत नाही.
मग पावाच्या कागदी पिशवीवर पाठ लिहून दिला:
धाकटं मोठ्याच्या मागून आलं, तर मिळवायचं.
धाकटं मोठ्याच्या आधी गेलं, तर वजा.

नोव्हेंबरात टपाल कचेरीतली एर्सिलिया आली.
दुइलियो. सतरा वर्षं. स्कूटर, ओलं वळण.
एवढंच बोलली, आणि हातमोजे काढायचे विसरली.
आकडे रोमनच हवेत, म्हणाली,
माझ्या बापाच्या दगडावर आहेत तसे.
दर अक्षरामागे आठ हजार लिरा.

मी तीच पिशवी उलटी करून हिशेब मांडला.
एकोणीसशे त्र्याऐंशी:
हजाराचा एम. मग हजाराच्या आधी शंभर, झाले नऊशे.
पन्नासावर तीन फुल्या. तीन काठ्या.
MCMLXXXIII
दहा अक्षरं. तिने मान हलवली.

मग दोन हजार.
MM
पुढे? तिने विचारलं.
पुढे काही नाही. तीन शून्यं आहेत,
आणि यांच्यात शून्य नसतं.
नसतं म्हणजे?
म्हणजे लिहितच नाहीत.

यायला दहा, आणि जायला दोन?
चर्चच्या घड्याळावर चाराला चार काठ्या आहेत,
मी रोज बघते टपालाच्या खिडकीतून,
मग याला का नाही?

खरं तर अडत नव्हतं.
जुन्या दगडांवर असलं मोकळं लिहिलेलं सापडतं.
मी वजाबाकी सोडून दिली, नुसतं मिळवत गेले:
हजार, पाचशे, चार शंभर,
पन्नास, चार फुल्या, पाच,
आणि उरलेल्या पाच काठ्या.
MDCCCCLXXXXVIIIII
उस्तादांनी चष्मा कपाळावर चढवला.
बरोबर आहे, म्हणाले. असं कुणी लिहीत नाही, पण बरोबर आहे.

एर्सिलिया बोट ठेवत मोजू लागली.
मीही तिच्याबरोबर मनात मोजत होते,
आणि पंधरावर आले तेव्हा मला कळलं
बेरीज कुठे चालली आहे.
शपथेवर सांगते, मी ते ठरवून केलं नव्हतं.

सतरा, ती म्हणाली.

करवतीवर पाणी पडत होतं. कुणी बंद केलं नाही.
बराच वेळाने तिने पिशवी माझ्याकडे सरकवली.
शेवटच्या काठ्या कोठडीच्या भिंतीवरच्या वाटतात,
दिवस मोजणाऱ्या.
दोनच असू देत.

दहा अक्षरं उस्तादांनी एका सकाळीत कोरली.
दोनांना चार दिवस लागले.
मला जवळ येऊ दिलं नाही. छिन्नीला तीनदा धार लावली,
दुपारी जेवले नाहीत,
आणि पैसे घेतले बाराच अक्षरांचे.

दगड बसवला त्या दिवशी
तिने हातमोजा काढला आणि पहिल्या एममध्ये बोट घातलं.
अर्ध्या पेरापर्यंत आत गेलं.

आता वर्षं लांबत चालली आहेत,
परवाच मी एमएमनंतर दोन फुल्या आणि तीन काठ्या कोरल्या.
कबरस्तानात गेले की बघते:
पाऊस पडून गेल्यावर इतर आकडे लगेच वाळतात,
त्या दोन अक्षरांत पाणी राहतं.
मार्चमध्ये ती फडकं घेऊन येते आणि टिपते,
आधी एक, मग दुसरं.